हौदाचं कुंपण काढलं तो उन्हाळा

ओल्या सिमेंटचा वास मला सोसत नाही. आमच्या बीडच्या गल्लीत समोर नवा बंगला उठतोय. त्याच्या स्लॅबवर रोज सकाळी एक माणूस पाइप धरून उभा असतो, आणि तो वास ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या माझ्यापर्यंत बरोबर येतो. पोळा होऊन गेला तरी यंदा पावसानं तोंड दाखवलेलं नाही. नळाला पाणी कधी येईल ते नगरपालिकेलाही ठाऊक नाही. टँकर आला की आम्ही शिकल्यासवरलेल्या बायका हसत हसत एकमेकींच्या बादल्या पायानं मागं सरकवतो, आणि त्याच टँकरचं उरलेलं पाणी नंतर त्या स्लॅबवर जातं. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. सिमेंटला पाणी मारलं नाही तर त्याचा भुगा होतो, हे सगळ्यांना मान्य आहे.

असा कोरडा पावसाळा आला की मला तो उन्हाळा आठवतो. आठवतो म्हणजे काय, तो येऊन बसतोच, नको असलेल्या पाहुण्यासारखा. आणि त्या उन्हाळ्यातलं सगळ्यात आधी आठवतं ते उन्हात तापलेल्या शहाबादी फरशीवर अंथरलेलं ओलं बारदान, आणि त्यातून निघणारी वाफ.

मी लग्न होऊन आले ती थेट साखर कारखान्याच्या वसाहतीत. आमचे हे तिथं बांधकामाचे ओव्हरसियर. ओव्हरसियर म्हणजे बडा साहेब, असं माझ्या माहेरी, लिंबागणेशला, मध्यस्थानं छातीठोकपणे सांगितलं होतं. इथं आल्यावर कळलं की संडास तुंबला तरी लोक आमच्याच दाराची कडी वाजवतात. क्वार्टर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एका बाजूला कारखान्याची चिमणी दिसे आणि समोर गेस्ट हाउसचा हौद.

हौद म्हणजे पोहायचा तलाव. चेअरमनसाहेब संचालकांना घेऊन पश्चिमेकडच्या एका कारखान्यावर अभ्यास दौऱ्याला गेले होते. तिथं त्यांनी कशाचा अभ्यास केला ते कुणाला समजलं नाही, पण परत आले ते हा तलाव डोक्यात घेऊन. सभेत ठराव झाला, सभासदांनी टाळ्या वाजवल्या. सहकार म्हटल्यावर टाळी वाजवायची असते, कशाला ते नंतर कळतं. मग जिथं ज्वारीचं कणीस पाण्यावाचून पोचट राहतं त्या माळावर निळ्या टाइलचा तलाव झाला आणि भोवती शहाबादी फरशीचा रुंद काठ झाला. चेअरमन त्याला टँक म्हणत, बाकी आम्ही सगळे हौद. त्यात पोहणारं कुणी नव्हतं. खुद्द चेअरमनना पोहता येत नव्हतं. ते संध्याकाळी काठावर खुर्ची टाकून बसत, पाण्यात पाय सोडत आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकत.

आता मंदाचं सांगते. मी सासरी आले त्याच्या आदल्या हंगामातली ही गोष्ट, म्हणजे मी ती पाहिलेली नाही. पण वसाहतीत ती मला इतक्या जणींनी, इतक्या चवीनं सांगितली की पाहिल्यासारखीच झाली. वडवणीकडची ऊसतोडीची टोळी कारखान्यामागच्या रानात कोप्या घालून राहिली होती. पाचटाच्या कोप्या, मधे एक नळ. तो नळ आटला. गयाबाई आणि तिचा नवरा फडात होते. त्यांची मंदा, अजून दुधाचे दात पडत होते तिचे, प्लास्टिकची छोटी कळशी घेऊन पाणी हुडकत निघाली. पाणी निळं असतं हे तिनं कधी पाहिलंच नसणार. काठ गुळगुळीत, हौद काठोकाठ भरलेला, आणि मधे आडवं येईल असं काही नाही. कळशी वर तरंगत राहिली म्हणून तरी लोकांना समजलं.

चेअरमन फार चांगले वागले, असं सगळे म्हणत. त्यांनी प्रकरण वाढू दिलं नाही. हौदाभोवती लोखंडी खांब रोवून माणसाच्या छातीएवढं जाळीचं कुंपण घालून दिलं. आणि गयाबाईला गेस्ट हाउसवर झाडलोटीला ठेवून घेतलं. तिचा नवरा टोळीबरोबर पुढं गेला. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकट्या गड्याला मुकादम विचारत नाही. म्हणून पुढच्या हंगामाच्या आत त्यानं दुसरी केली. गयाबाई राहिली हौदापाशी. "जिथं लेक गेली ती जागा रोज झाडायला मिळाली, असं भाग्य किती आयांचं असतं?" असं आमच्या शेजारणीनं मला पहिल्याच आठवड्यात, चहात बिस्कीट बुडवत, सांगितलं.

गयाबाई लहान चणीची, काळीसावळी, चालताना एक पाय किंचित ओढणारी. बोलणं थोडं. तिनं कोरड्या नदीतून निवडून सात गोटे आणले होते आणि कुंपणाच्या आत, काठावर, एका ओळीत मांडले होते. त्यांना शेंदूर लावला होता. त्या साती आसरा. पाण्यात राहणाऱ्या या सात बहिणी आमच्याकडं प्रत्येक विहिरीवर आणि डोहावर असतात. पाण्यात कुणी गेलं की आसरांनी नेलं म्हणायचं, म्हणजे कुणाचा दोष राहत नाही. अवसेला गयाबाई त्यांना दहीभात ठेवी आणि जाळीला हिरव्या बांगड्या बांधी. वाऱ्यानं त्या वाजत. माझी पोळी करपायची तो आवाज ऐकताना.

"आसरांनी नेली ती काय मेली न्हाई वैनी," ती एकदा मला म्हणाली, "ती त्यांच्यातच हाय. मी फकस्त रोज सांगते त्यांना, आता बास. दुसरं लेकरू न्यायचं न्हाई."

"ऐकतात का त्या?"

"कुनाला ठावं." तिनं जाळीवरून हात फिरवला. "देवाला इनंती करावी. भरवसा कुंपनाचा."

बाईला कुणी शिकवलं नव्हतं, पण मला तिच्याइतकं सरळ बोलणारं माणूस तिथं दुसरं भेटलं नाही. ती ते कुंपण जपे. गंज दिसला की विटेच्या तुकड्यानं घासून काढी. दोन खांब डुगडुगत होते. ते नीट करा म्हणून तिनं आमच्या ह्यांच्या किती विनवण्या केल्या असतील. हे दर वेळी "बघतो" म्हणायचे. ओव्हरसियरला दुसरं काही म्हणायचा अधिकारच नसतो, असं त्यांचं मत होतं.

मग ते दुष्काळाचं साल आलं. ऊसच नव्हता, तर त्या हंगामात बॉयलर पेटला नाही. चिमणीतून धूर नाही आणि भोंगाही नाही. वसाहतीला एरवी मळीच्या वासाचा इतका वैताग, पण तो वास गेल्यावर घरात कुणी मेल्यासारखं वाटायला लागलं. लोक फाटकाजवळच्या लिंबाखाली बसून राहायचे. हौद कोरडा पडला. निळ्या टाइलवर पालापाचोळा साचला आणि त्यात गेस्ट हाउसची कुत्री सावलीला झोपू लागली. टँकर आला की बायका झिंज्या उपटायच्या, आणि टँकर गेला की एकमेकींना हळदीकुंकवाला बोलवायच्या. गयाबाई कोरड्या हौदाचं कुंपण त्याच निगुतीनं घाशीत होती. आम्ही हसायचो. पाणी नाही तिथं राखण कसली, म्हणायचो.

त्यातच चेअरमनच्या नातवाचं जावळ आलं. नातू एकुलता एक, नवसाचा. त्यांच्या घराण्यात पहिले केस द्यायचे ते आसरांना, नदीच्या डोहावर, भरल्या पाण्याच्या काठी. पण डोहात त्या वर्षी पोरं विटीदांडू खेळत होती. विहिरींचे तळ दिसत होते. चेअरमनच्या आई, त्यांना सगळे थोरल्या बाई म्हणत, अडून बसल्या. कोरड्या दगडाला जावळ देत नाहीत, दिलं तर लेकराला बाधतं, असं त्यांचं म्हणणं. चार दिवस वाड्यावर खल चालला. मग कुणातरी लाळघोट्याला गेस्ट हाउसवरचे सात गोटे आठवले. आसरा तर आहेतच, पाणी काय, टँकरनं आणता येतं.

थोरल्या बाई मोटारीतून आल्या. काठी टेकत कुंपणापाशी उभ्या राहिल्या. गोट्यांकडे बराच वेळ बघितलं. मी खिडकीत होते, ऐकू येत होतं.

"ठाण जागृत हाय," त्या म्हणाल्या. "एक घेतल्यालं हाय ना त्यांनी हितं? मग जागृत हाय."

गयाबाई झाडू घेऊन जवळच उभी होती. तिच्याकडं कुणी पाहिलं नाही. थोरल्या बाईंनी काठीनं जाळी वाजवली. "आन् हे काय? देवीला कोंडवाड्यात घातलंय व्हय रं? काढा हे आदी."

झालं. संध्याकाळी हे घरी आले ते मान खाली घालून. मी ताटावर बसूच दिलं नाही.

"कावून काढायलात कुंपन?"

"मी काढायलोय का? साहेबांनी सांगितलंय."

"उद्या पाणी भरलं आन् कुनाचं लेकरू पडलं म्हंजी?"

"समारंभ झाल्यावर बघू म्हनलेत."

"कोन बघनार?"

"आता भाकर वाढतीस का न्हाई?"

वाढली. काय करणार? नवऱ्याशी भांडण म्हणजे भिंतीशी भांडण, आणि या भिंतीला नोकरी टिकवायची होती. पण त्या वेळचा राग अजून माझ्या पोटात तसाच आहे, आणि तो चेअरमनपेक्षा ह्यांच्या त्या "बघू"वर जास्त आहे.

दुरुस्तीला नेकनूरहून रशीद मिस्त्री आला. वाटलं होतं खांब उपटले की झालं. पण खांब शहाबादीत भोकं पाडून खाली काँक्रीटमध्ये रोवलेले. ते हलवायला लागले तशा आजूबाजूच्या फरश्या तडकल्या. मिस्त्रीनं हातोडीच्या दांड्यानं सगळा काठ वाजवून पाहिला. कुठं खणखणीत, कुठं बद्द. बद्द आवाज तिथं खालचा मुरूम उंदरांनी आणि जुन्या पाण्यानं खाल्लेला, फरशी नुसती हवेवर. अशा सगळ्या फरश्या काढल्या. खाली मुरूम घालून धुमसानं ठोकून घट्ट केला, त्यावर गिलावा पसरून फरश्या परत बसवल्या, हौदाकडून बाहेर उतार दिला. खांबांची भोकं गच्च भरली. चेअरमनचा हुकूम असा की कुंपण होतं याची खूणसुद्धा राहता कामा नये. म्हणून मिस्त्रीनं सिमेंटमध्ये काळी पूड कालवून शहाबादीचा रंग आणला आणि भरलेली जागा घोटून घोटून फरशीला मिळवून टाकली. आमचे हे आजही, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी, कुठं वाईट फरशी बसवलेली दिसली की म्हणतात, "त्या हौदाचं काम बघायला पायजे होतं." मी उठून आत जाते.

भरलेल्या जागांना पाणी मारायचं काम गयाबाईकडं आलं. साखरेची रिकामी बारदानं ओली करून त्यावर अंथरायची, आणि वाळली की परत भिजवायची. वैशाखाचं ऊन. बारदान अंथरेपर्यंत वाळायला लागायचं. टँकरचं पाणी या कामाला वेगळं काढून ठेवलेलं असे, झाकण लावून, कुलूप घालून. वसाहतीतल्या बायका त्या पिंपाकडं बघत रिकाम्या घागरी घेऊन घरी जायच्या. गयाबाई सकाळपासून अंधार पडेपर्यंत त्या बारदानांवर लोट्या लोट्यानं पाणी घालायची. लहान लेकराच्या कपाळावर घड्या ठेवतात तसं ती करायची. चेहरा एवढा खुशीत की मला कळेना.

एक दिवस टँकर आलाच नाही. दुपारी बघते तर ही आपल्या खोलीतली घागर डोक्यावर घेऊन हौदाकडं निघालेली.

"अवो, ते तुमच्या प्यायचं पानी ना?"

"आसू द्या. मी काय, एक दिस च्या न्हाई पेला तर मरत न्हाई." तिनं बारदान उचलून खालची जागा मला दाखवली. "हे भेगाळलं तर पुन्यांदा खांब डुलायचा. जुने दोन डुलत हुतेच. सायेबांनी ऐकलं बगा अखेरला माजं. आता नवे येनार, पक्के."

ती कुंपणाच्या पायाला पाणी घालत होती. खांब काढले ते नवे बसवायला, आपली विनंती ऐकली, असं धरून चालली होती ती. गयाबाईच्या जगात एवढा खर्च, एवढी माणसं, एवढं पाणी लेकराच्या राखणीलाच लागू शकत होतं. नुसतं बरं दिसावं म्हणून कुणी दुष्काळात फरशी भिजवत बसेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मी तिला तिथल्या तिथं सांगितलं. "गयाबाई, नवे खांब येनार न्हाईत. कुंपन काढूनच टाकलंय."

ती हसली. मोकळं हसली, तिचे दात मी पहिल्यांदा पाहिले. "चेष्टा करू नका वैनी. मग मी पानी कशाला घालायले?"

खात्रीसाठी तिनं पलीकडे सांधे भरत बसलेल्या मिस्त्रीला हाक मारली. "मिस्त्री, पक्कं बसलंय ना वो?"

रशीद मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं, मग थापीकडं. "एकदम पक्कं, बाई," तो म्हणाला. "फिकर नको करू. आता कायमचं हलत न्हाई." आणि खाली मान घालून सांधा भरू लागला.

जावळाच्या दिवशी पहाटेपासून टँकर लागले. वसाहतीच्या वाट्याचे टँकरही त्यातच आले. निळ्या टाइलवर पाणी चढत गेलं, तसतशी माणसं काठावर येऊन नुसती उभी राहिली. कुणी रागानं नाही, कुणी निषेधानं नाही. नुसतं पाणी बघायला. एका म्हाताऱ्यानं लांबूनच हात जोडले. काठ झकास दिसत होता. रांगोळी होती, खुर्च्यांना पांढरे अभ्रे होते. सात गोट्यांना नवा शेंदूर, हिरवे खण आणि थोरल्या बाईंनी घडवून आणलेले चांदीचे डोळे. गयाबाईनं सकाळी उठून सगळा काठ पुसून घेतला होता. ते झाल्यावर वॉचमननं तिला निरोप दिला की आज पुढं यायचं नाही. जिचं लेकरू आसरांनी नेलं तिची सावली जावळाच्या लेकरावर पडू नये, असं थोरल्या बाई म्हणाल्या होत्या.

मला सवाष्ण म्हणून बोलावणं होतं. मामाच्या मांडीवर लेकरू, डोक्यावर कात्री, लेकराचा टाहो, आणि सनईची कॅसेट. केस कणकेच्या गोळ्यात घालून पाण्यात सोडले. गोळा डुबुक करून तळाला गेला. टाळ्या पडल्या. "आसरांनी घेतलं, घेतलं," थोरल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तो गोळा विरघळून लेकराचे केस सगळ्या हौदभर पसरले. ते आमच्या ह्यांनी चाळणी बांधलेल्या काठीनं काढले, पण ते थोरल्या बाईंना कुणी सांगितलं नाही.

मी जेवून घरी आले तर गयाबाई माझ्या स्वयंपाकघरात, खिडकीखाली, जमिनीवर बसलेली. मी तिच्यासाठी पुरणपोळी आणली होती. ती तिनं हातात धरली, खाल्ली नाही.

"माज्या देवांना डोळे लावले वैनी," ती म्हणाली. "चांदीचे." तिला खरंच आनंद झाला होता. मला रडू येत होतं आणि तिला आनंद झाला होता. मग तिनं विचारलं, "कुंपन उंद्या लावत्याल का परवा?"

ह्यांना मी दुसऱ्या दिवशी चेअरमनकडं ढकलूनच पाठवलं. घडलं ते घरी येऊन सांगितलं त्यांनी. चेअरमन काठावर, पाण्यात पाय सोडून बसले होते. म्हणाले, "अहो ओव्हरसियर, आता देवीचं ठाण झालं. देवीपुढं जाळी मारली तर आईला काय तोंड दाखवू? देवी राखंल की." आणि ते जुने खांब आणि जाळी कुठं आहे, तर चेअरमनच्याच मळ्यावर. मळ्यावरची वासरं बाहेर पडून पिकात जातात, म्हणून गोठ्याभोवती ते कुंपण घातलं.

हे गयाबाईला सांगायला आम्ही दोघं गेलो. ह्यांनी सांगितलं, एका दमात, नोटीस वाचावी तसं. ती उठली. काठावर जाऊन बसली, आणि तळहातानं फरशी चाचपत पुढं पुढं सरकत राहिली. खांब होते त्या जागा शोधत होती. एकही सापडली नाही. फरशी आणि भरणी एकजीव झाली होती. बऱ्याच वेळानं ती थांबली.

"लई चांगलं पानी मारलं मी," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी पाऊस पडला. बॉयलर पेटला, भोंगा वाजला, मळीच्या वासानं वसाहत परत नाक दाबू लागली. कारखान्यामागं कोप्या उभ्या राहिल्या, पाचटाच्या, नव्या टोळीच्या. देवीचं ठाण म्हणून हौद आता बारमाही भरलेला. त्यात संचालक मंडळाची निवडणूक तोंडावर. तोडकऱ्यांच्या बायका धुण्याला पाणी मागायला आल्या तेव्हा चेअरमननी चार माणसांसमोर सांगितलं, "कारखाना सहकारी हाय. पाणी सगळ्यांचं. या की हौदावर." पुन्हा टाळ्या पडल्या.

गयाबाई त्या दिवसापासून काठावर बसायला लागली. झाडलोट उरकायची आणि बसायची. हातात बाभळीची फोक, ओच्यात खडे. कुठलं लेकरू काठाजवळ आलं की अर्वाच्य शिव्या. ऐकलं नाही तर खडा. ती नेम धरून मारायची. ज्या बाईनं वर्षभर मोठ्यानं शब्द काढला नव्हता तिच्या तोंडून असल्या शिव्या ऐकून आम्ही कानात बोटं घातली. लेकरं तिला हडळ म्हणायला लागली. मोठी पोरं मुद्दाम जवळ जाऊन पळायची. ती आपला पाय ओढत मागं धावायची आणि ती पोरं तिच्या चालीची नक्कल करायची. वसाहतीत कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला, कुणी म्हणालं आसरा अंगात आल्या. मी तिला भाकरी नेऊन द्यायची. ती पाण्यावरची नजर न काढता खायची.

एका पोराच्या कपाळाला खोक पडली. कोपीवरच्या साताठ बाया त्याला घेऊन चेअरमनपुढं उभ्या राहिल्या. मी काठावरच होते. पोराच्या आईनं पदर पसरला.

"सायेब, आमी गरिबानं लेकरं घिऊन कुटं जावं? ही बाई दगडं मारायली. हिला लेकरू न्हाई, हिला काय कळंल?"

सगळ्यांनी गयाबाईकडं पाहिलं. ती उठली नाही.

"मारीन," ती त्या आईला म्हणाली. "उंद्या बी मारीन. रगत निघालं तर पुसता येतंय."

चेअरमननी मायेनं मान हलवली. बाई, तुला आता विश्रांतीची गरज आहे, गावाकडं जा, भावाकडं राहा, असं काहीबाही बोलले. आवाज अगदी मऊ. त्या बायका त्यांच्या पाया पडल्या.

दुसऱ्या दिवशी वॉचमन तिला वडवणीच्या एसटीत बसवून आला. तिनं सोबत एक बोचकं घेतलं. चांदीच्या डोळ्यांचे गोटे आता तिचे नव्हते, ते तिथंच राहिले. फाटकाशी तिनं माझा हात धरला. पण सारखी मान मागं वळवून हौदाकडं बघत होती. एसटी दिसेनाशी झाल्यावर मी घरी आले, भांडी घासली, खिडकीपाशी उभी राहिले आणि राहवेना म्हणून खाली उतरून हौदावर गेले.

ऊन कलत होतं. कोपीवरच्या लेकरांचा नुसता कालवा. ओळीनं काठावर बसून पाय पाण्यात आपटत होती, एकमेकांवर ओंजळी उडवत होती. मध्येच एखादं उठून ओल्या फरशीवरून पळत जाई. ती कालचीच आई उताराला धुणं धूत बसली होती. खोक पडलेला पोरगा तिच्या पाठीला टेकून भाकर खात होता. मला पाहून ती मनापासून हसली.

"लई बरं झालं वो वैनी. जीव घेतलता बाईनं. आता बगा कशी मोकळी खेळायलीत."

"आजून किती लेकरं तुला?"

"येक पोरगी हाय की. ती न्हाई का, लाल झंपरवाली, पार पुडं बसल्याली."

"अगं, लक्ष ठेव तिच्याकडं. काठ लई निसरडा हाय."

"पडत न्हाई वो ती," ती म्हणाली. "लई हुशार हाय माजी." आणि पाण्याकडं पाठ करून धुणं आपटायला लागली.